सही तिची, होकार आमचा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची गुंडाळी होती. पत्नीला डॉक्टरांनी ईआरसीपी करायला सांगितले आहे, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेचे तोंड थोडे कापावयाचे आहे, असे त्यांनी सांगितले. "तुमच्या घरात दोघींवर हे झालंय, असं आई म्हणाली. म्हणून विचारायला आलो. करावं का?" एवढे बोलून ते क्षणभर थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तिला अजून काही सांगितलेलं नाही. उगाच घाबरेल."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २०१० साली आम्ही उच्चारले होते. त्याची किंमत आमच्या धाकट्या बहिणीने एकोणीस दिवस रुग्णालयात पडून चुकवली. ती हकिगत आजवर आम्ही घराबाहेर फारशी काढली नाही. पण ज्या समजुतीने आम्ही चुकलो, ती समजूत आपल्या घराघरांतून अजून नांदते आहे, हे त्या संध्याकाळी ध्यानात आले. म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही तीन थोरली भावंडे, दोन भाऊ आणि एक बहीण. लिहिणारा हात एकाचा असला तरी जे केले ते तिघांनी मिळून केले. तेव्हा येथे 'मी' म्हणून बाजूला सरण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नाही.

गोष्टीची सुरुवात आमच्या आईपासून होते. २००४ साली आईला कावीळ झाली. अंगाला कंड, लघवी गडद, थंडी वाजून ताप. प्रथम आम्ही गावठी औषध दिले, पथ्य पाळले, उसाचा रस पाजला. चार दिवसांत ताप वाढला, तेव्हा तिला गाडीत घालून मुंबईला नेले. सोनोग्राफीत दिसले, की पित्ताशयातला एक खडा निसटून पित्तनलिकेत येऊन अडकला आहे. तेथील डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दुर्बीण घातली, नलिकेच्या तोंडाशी छोटासा छेद घेतला आणि खडा ओढून काढला. तिसऱ्या दिवशी आईने पेज मागितली. पाचव्या दिवशी ती घरी आली आणि आठवड्याने वाडीत केळीची पाने कापीत होती. पोटावर टाका नाही, व्रण नाही. आमच्या दृष्टीने तो एक चमत्कारच होता.

त्या डॉक्टरांनी तेव्हा कागदावर चित्र काढून आम्हांला समजावले होते. यकृतातून पित्त घेऊन येणारी एक नळी आणि स्वादुपिंडातून पाचक रस घेऊन येणारी दुसरी नळी, अशा दोन्ही लहान आतड्याच्या आरंभी बहुधा एकाच तोंडाने उघडतात. त्या तोंडाशी स्नायूचे एक बारीक कडे असते. खाल्ले की ते सैल होते आणि रस आतड्यात उतरतात. एरवी ते आवळलेले असते. वसईतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. खारजमिनीच्या बांधाला जशी उघाडी असते, तसेच हे. ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे आणि भरतीला बाहेरचे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही. फरक इतकाच, की या एका उघाडीवर दोन पाट येऊन मिळतात. आईचा खडा एका पाटात अडकला होता. डॉक्टरांनी उघाडी थोडी रुंद केली आणि खडा वाहून गेला. दुसऱ्या पाटाचा विचार करण्याची आम्हांला त्या वेळी गरजच पडली नाही.

या स्नायूच्या कड्याला ज्यांचे नाव दिले गेले ते रुग्गेरो ओड्डी हे इटलीतील पेरुजा येथे वैद्यकाचे विद्यार्थी होते. १८८७ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. दुर्बिणीतून या तोंडात नळी घालण्याचे काम मात्र फार पुढचे. अमेरिकेत विल्यम मॅकक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९६८ साली प्रसिद्ध केले आणि १९७४ साली जर्मनी व जपान या दोन देशांतील डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्या कड्याला छेद देण्याची रीत सांगितली. त्यापूर्वी आईसारख्या रुग्णाचे पोट उघडावे लागे. म्हणून या शस्त्रक्रियेबद्दल आम्ही येथे जे लिहिणार आहोत, ते तिच्या निंदेसाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्यामुळे आमची आई पुढे बारा वर्षे जगली.

आता धाकटीची गोष्ट. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. २००८ साली खड्यांमुळे तिचे पित्ताशय काढले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण वर्षभराने उजव्या बरगडीखाली पुन्हा दुखू लागले. कधी जेवणानंतर, कधी मध्यरात्री. अर्धा तास, तासभर दुखे आणि थांबे. शाळेत रजा पडू लागल्या. तिचे यजमान तेव्हा कुवेतला नोकरीस होते आणि दोन मुले लहान होती. साहजिकच तिला डॉक्टरांकडे नेणे-आणणे आम्हीच पाहत होतो. रक्त तपासले, यकृताच्या सर्व चाचण्या ठीक. सोनोग्राफी ठीक. एमआरआय यंत्रावर पित्तनलिकांची चित्रे घेतात, ती एमआरसीपीही केली. नलिका बारीक, स्वच्छ, खडा नाही. आईच्या वेळी बोट ठेवून दाखवण्यासारखी वस्तू होती. येथे दुखणे होते, पण वस्तू नव्हती.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ म्हणाले, की पित्ताशय काढलेल्या काही रुग्णांत हे स्नायूचे कडे नीट सैल होत नाही आणि त्यामुळे अशा कळा येतात, असे मानले जाते. कडे कापले तर कदाचित आराम पडेल. धाकटी तेव्हा रक्त द्यायला दुसऱ्या मजल्यावर गेली होती. खोलीत आम्ही तिघेच होतो. डॉक्टर पुढे म्हणाले, "पण एक गोष्ट लक्षात घ्या. यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. खडा असलेल्या म्हाताऱ्या माणसात तो कमी. तुमची बहीण तरुण आहे, बाई आहे, कावीळ नाही, नलिका फुगलेली नाही. अशांत तो जास्त. शंभरात पंधरा-वीस म्हणा. बहुतेकांची दोन-चार दिवसांत उतरते. एखाद्याला फार जड जाते. औषधं देऊन थोडं थांबताही येईल. तिच्याशी बोला आणि उद्या सांगा."

डॉक्टरांनी आमच्यापासून काही लपवले नाही, हे आम्ही येथे स्पष्ट लिहितो. त्यांनी हे आम्हांला न सांगता तिलाच सांगावयास हवे होते, असे आज वाटते. पण तो विचार त्या दिवशी आमच्याही मनात आला नाही.

रुग्णालयाच्या जिन्याखाली उभे राहून आम्ही तिघांनी ठरवले. आमच्या डोळ्यांपुढे आई होती. पाचव्या दिवशी घरी आलेली, केळीची पाने कापणारी आई. शंभरात पंधरा-वीस हा आकडा ऐकला होता. पण आम्ही तो उलटा करून घेतला. म्हणजे ऐंशीला काही होत नाही! आणि आपली बहीण त्या ऐंशीत नसेल, असे कोणता भाऊ मानील? थोरल्या बहिणीने एकदा विचारले, "तिला आकडा सांगायचा का?" त्यावर आम्हीच म्हणालो, "नको. उगाच घाबरेल. आधीच तिला झोप नाही." थोरलीही गप्प राहिली. रक्त देऊन धाकटी दंडावर कापूस दाबून खाली आली. आम्ही तिला सांगितले, "आईला केलं होतं तेच करायचं आहे. दोन दिवसांत घरी."

ती म्हणाली, "तुम्ही बघितलंय ना सगळं? मग ठीक आहे."

संमतिपत्र इंग्रजीत होते, तीन पानी. तिने न वाचता सही केली. आमच्यापैकी एकाने साक्षीदार म्हणून खाली सही केली. तिला इंग्रजी येत नव्हते असे नाही, ती शिक्षिका होती. तिने वाचले नाही, कारण तिचा आमच्यावर विश्वास होता.

सकाळी दहाला तिला आत नेले. काम कठीण गेले, असे नंतर समजले. बारीक तोंडात नळी पुन्हापुन्हा घालून पाहावी लागली आणि ती काही वेळा दुसऱ्या पाटात, स्वादुपिंडाच्या नलिकेत शिरली. दुपारी ती गुंगीतून जागी झाली. चारच्या सुमारास पोटाच्या मधोमध कळ सुरू झाली आणि पाठीपर्यंत गेली. पूर्वीच्या कळा अर्ध्या तासात थांबत, ही थांबेना. ती कुशीवर वळे, उठून बसे, पुढे वाके. उलट्या सुरू झाल्या. रात्री रक्तातील अमायलेज नावाचा घटक कित्येक पटींनी वाढलेला निघाला. डॉक्टर येऊन म्हणाले, "स्वादुपिंडदाह."

स्वादुपिंड जे रस तयार करते ते मांस, चरबी, सगळे पचविणारे असतात. ते तयार होतात तेव्हा झोपलेले असतात. आतड्यात पोचल्यावर जागे होतात. परंतु उघाडीला धक्का लागून ती सुजली, दुसऱ्या पाटाचे तोंड बंद झाले, की रस आत तुंबतात. नलिकेत दाबाने सोडलेले क्ष-किरणांचे औषध आणि छेद घेताना दिलेली उष्णता यांचीही त्यात भर पडते. मग ते रस जागच्या जागी जागे होतात आणि ज्या अवयवाने त्यांना निर्माण केले त्यालाच पचवू लागतात. एकदा हे सुरू झाले, की ते थांबविणारे औषध आजही नाही. सलाईन द्यावयाचे, वेदना शमवावयाच्या, श्वास व मूत्रपिंडे सांभाळावयाची आणि आग आपणहून विझण्याची वाट पाहावयाची.

१९९१ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन या दाहाच्या पायऱ्या ठरवल्या. दोन-तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले तर सौम्य, चार ते दहा दिवस लागले तर मध्यम आणि त्याहून अधिक लागले तर गंभीर. धाकटीचे एकोणीस दिवस झाले. त्यांतील सहा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. छातीत पाणी साचले, श्वासाला प्राणवायू लागला. नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून तिला अन्न दिले. आम्ही पाळीपाळीने लोकलने जात-येत असू. पहाटे भाईंदरच्या खाडीपुलावरून गाडी खडखडत जाई तेव्हा डब्यातली माणसे नेहमीसारखी बोलत, हसत. आणि आम्ही खिडकीतून खाली पाण्याकडे पाहत बसत असू. एका रात्री डॉक्टरांनी तिच्या यजमानांना बोलावून घ्या असे सांगितले. ते कुवेतहून आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "असं होऊ शकतं, हे तुम्हांला ठाऊक होतं का?" आम्ही उत्तर दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

ती वाचली. सर्वांना हा अनुभव येत नाही आणि गंभीर दाह झालेले सगळेच वाचत नाहीत. ती घरी आली तेव्हा तिची कापडे तिला ढगळ होत होती. चार महिन्यांनी ती शाळेत रुजू झाली. आणि ज्या दुखण्यासाठी हे सारे केले, ते सहा महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. फक्त ते आता तिला पूर्वीइतके मोठे वाटत नसे.

पुढे अनेक वर्षे आम्ही या विषयावरचे मिळेल ते वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारीत गेलो. जे हाती आले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

अमेरिका व कॅनडातील सतरा रुग्णालयांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. कड्याला छेद दिलेल्या २३४७ रुग्णांची त्यात नोंद होती. शंभरात जवळजवळ दहांना काही ना काही उपद्रव झाला. स्वादुपिंडदाह ५.४ टक्क्यांना आणि रक्तस्राव २ टक्क्यांना. पण ही सरासरी झाली. 'कडे नीट काम करीत नसावे' एवढ्या शंकेवरून ज्यांना छेद दिला, त्यांच्यात उपद्रवाचे प्रमाण पाचांत एकाहून अधिक होते. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा हवेतला नव्हता. तो १९९६ पासून छापलेला होता. या क्षेत्रातील नामवंत तज्ज्ञ पीटर कॉटन यांनी २००१ साली एका लेखात तर असे मांडले, की या शस्त्रक्रियेची गरज ज्यांना सर्वांत कमी, त्यांनाच तिचा धोका सर्वांत जास्त. आमची आई आणि आमची बहीण यांच्यातील सारा फरक या एका विचारात येतो. दुर्बीण तीच, छेद तोच. एकीच्या नलिकेत खडा होता, दुसरीच्या नलिकेत काही नव्हते.

२०१२ साली अमेरिकेतून एक आशेची बातमी आली. इंडोमेथासिन हे जुने, स्वस्त वेदनाशामक शस्त्रक्रियेनंतर लगेच गुदद्वारातून दिल्यास दाहाचे प्रमाण घटते, असे ६०२ रुग्णांच्या अभ्यासात आढळले. हे रुग्ण बहुतेक जास्त धोक्याच्या गटातले होते. औषध न मिळालेल्यांत १६.९ टक्के, मिळालेल्यांत ९.२ टक्के. आज हे औषध, किंवा त्याच जातीचे डायक्लोफेनॅक, ज्यांना चालते अशा रुग्णांना देण्याची शिफारस केली जाते. जास्त धोक्याच्या रुग्णांत स्वादुपिंडाच्या नलिकेत काही दिवसांपुरती बारीक नळी ठेवतात, म्हणजे सूज आली तरी दुसरा पाट वाहता राहतो. शिरेतून भरपूर सलाईन देण्याचाही उपयोग होतो. धोका यांनी कमी होतो; नाहीसा होत नाही.

आणि २०१४ साली जे प्रसिद्ध झाले ते वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. पित्ताशय काढल्यानंतर पोटात दुखणारे, पण तपासण्यांत विशेष काही न सापडलेले, असे २१४ रुग्ण अमेरिकेतील अभ्यासात घेतले होते. म्हणजे थेट आमच्या धाकटीसारखे. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे गट पाडले. काहींचे कडे कापले. काहींना दुर्बीण घालून तपासणी केली, पण छेद दिला नाही. कोणाला काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षभरानंतर छेद दिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम पडला होता, आणि छेद न दिलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. स्वादुपिंडदाह दोन्ही गटांत शंभरात दहाहून अधिक जणांना झाला. तेव्हापासून अशा रुग्णांत हे कडे कापू नये असाच सल्ला दिला जातो.

हे २०१० साली आमच्या डॉक्टरांना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही आणि आम्हांलाही तेवढ्यापुरता देता येत नाही. परंतु जे त्या दिवशी माहीत होते तेवढेही आम्ही तिच्यापर्यंत पोचू दिले नाही. आमचा दोष तो आहे आणि कोणत्याही अभ्यासाने तो कमी होत नाही.

धाकटीने आम्हांला तो प्रश्न विचारला २०१५ च्या मे महिन्यात. वर्तमानपत्रात या विषयावरचे काही तिने वाचले होते. आईच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो, आई झोपली होती. ती म्हणाली, "दादा, त्या डॉक्टरांनी तुम्हांला आधी सांगितलं होतं का?"

पाच वर्षे या प्रश्नाची आम्ही वाट पाहत होतो. "सांगितलं होतं," आम्ही म्हणालो. "शंभरात पंधरा-वीस. थांबता येईल असंही म्हणाले होते. तू घाबरशील म्हणून तुला सांगितलं नाही."

ती रागावली नाही. निदान आम्हांला तसे दिसले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगितलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. दुखणं फार होतं तेव्हा. पण मग मुलांना काही सांगून आत गेले असते. त्यांना फोन करून बोलले असते. दोन दिवसांत येते म्हणून निघाले मी घरातून. धाकट्याच्या वह्यांना कव्हर घालायचं ते परत आल्यावर घालू म्हणून ठेवून गेले." मग ती उठून आईचे पांघरूण नीट करू लागली.

आम्हांला वाटले होते, की आम्ही तिची एका रात्रीची झोप वाचवली. वस्तुतः आम्ही तिची एक रात्र तिच्याकडून काढून घेतली होती. ती रात्र घाबरण्यात गेली असती, हे खरे. पण त्याच रात्री तिने नवऱ्याला फोन केला असता, मुलांना जवळ घेतले असते, प्रार्थना केली असती आणि सकाळी स्वतःच्या मनाने हो किंवा नाही म्हटले असते. कागदावर सही तिची होती. होकार मात्र आमचा होता.

आपल्या घरांत आजाऱ्याला धोका न सांगणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. आम्हीही तसेच मानले. मुलाला कडू औषध गुळात घालून द्यावे, तसे आपण मोठ्या माणसालाही देतो. पण ज्याच्या शरीरात दुर्बीण जाणार आहे, त्याचे वय छत्तीस आहे, ती दोन मुलांची आई आहे, वर्गातल्या चाळीस मुलांना ती रोज खरे बोलायला शिकवते आहे, याचा आपल्याला त्या घटकेला विसर पडतो.

तर त्या संध्याकाळी आम्ही त्या तरुण गृहस्थांना 'करा' असेही म्हटले नाही आणि 'करू नका' असेही म्हटले नाही. ते आमचे काम नव्हते. आम्ही धाकटीला फोन केला. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ती त्यांच्या घरी गेली. आत दोघी बसल्या. आम्ही बाहेर ओट्यावर त्या गृहस्थांसोबत बसलो. आत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. तासाभराने त्यांची पत्नी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वहीचा एक कागद होता. त्यावर धाकटीच्या शाळकरी अक्षरात प्रश्न लिहिले होते. डॉक्टरांना विचारावयाचे ते असे:

हे कशासाठी करावयाचे आहे? खडा, कावीळ किंवा ताप आहे, की केवळ शंका आहे?

सोनोग्राफी आणि एमआरसीपी यांत काय दिसले? दुर्बीण न घालता आणखी काही समजण्यासारखे आहे का?

माझ्यासारख्या शंभर बायकांत किती जणींना स्वादुपिंडदाह होतो?

न केले तर काय होईल? थांबलो तर किती दिवस थांबता येईल?

तो होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करणार आहात? गुदद्वारातून द्यावयाचे औषध मला चालेल का?

घरी आल्यावर पोटात दुखले तर किती वेळ वाट पाहू, आणि कोठे यावे?

त्या बाईने स्वतः डॉक्टरांपुढे तो कागद उघडला. तिच्या पित्तनलिकेत खडा होता, नलिका फुगलेली होती, डोळे पिवळे होऊ लागले होते. डॉक्टरांनी सांगितले, की येथे थांबण्यातच जास्त धोका आहे, खडा तसाच राहिला तर नलिकेत जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो खडाच स्वादुपिंडाचे तोंड अडवू शकतो. त्यांनी धोक्याचा आकडा सांगितला, औषध देऊ म्हणाले. तिने दोन दिवस मागून घेतले, माहेरी जाऊन आली, मुलीला आजीकडे ठेवले, आणि मग सही केली. खडा निघाला. रात्री थोडे दुखले, तेव्हा तिने नर्सला लगेच सांगितले. रक्त तपासले, ते ठीक होते. चौथ्या दिवशी ती घरी आली. आमच्या आईसारखीच.

तिला बरे वाटले याचा आनंद आहेच. पण तिला दाह झाला असता तरी तो कागद वाया गेला असे आम्ही म्हटले नसते.

धाकटीचे दुखणे अजून कधीमधी येते. तेल-तूप बेताचे ठेवले आणि जेवण थोडे-थोडे केले, की तिला बरे पडते, आणि एक साधे औषध ती जवळ ठेवते. यंदा तिचा धाकटा मुलगा नोकरीला लागला. गेल्या महिन्यात आमच्यापैकी एकाला हृदयाच्या तपासणीसाठी रुग्णालयात जावे लागले. आकडे सांगायला डॉक्टर आले, तेव्हा धाकटी खोलीत होती. आम्ही काही बोलण्याआधीच तिने खुर्ची ओढून पलंगाजवळ आणली, डॉक्टरांना बसायला दिली आणि म्हणाली, "यांनाच सांगा. आम्ही ऐकतोच आहोत."